गाळणीतली लव

मंगळवारी रात्री आठ ते अकरा माझी पाळी.
तळघराच्या दाराशी फळा आहे,
फळ्यावर तारखांची भोकं,
ज्याने त्याने आपलं छोटं कुलूप
हव्या त्या भोकात अडकवायचं.
माझ्या कुलपावर चौतीस लिहिलंय.
उमेओ शहरात माझ्या मालकीचं एवढंच:
एक कुलूप, आठवड्यातले तीन तास,
आणि फ्रिजचा मधला कप्पा,
तोही येमानेच्या कांद्यांनी अर्धा बळकावलेला.

नोव्हेंबरात इथे दुपारी अडीचला दिवे लागतात.
सकाळी बाबा फोनवर
माझ्याच खिडकीबाहेरचं तापमान मला सांगतात.
"उणे अकरा आहे गं, टोपी घाल."
मी अजून पडदाही सरकवलेला नसतो.
मग विचारतात, तुझ्या मातीचं काय म्हणणं?
गोठलेल्या मातीत बुरशी कशी तग धरते
ते मी शिकतेय.
त्यांनी गल्लीत सांगून ठेवलंय, मुलगी शेतकी करते.
मी दुरुस्त करत नाही.

एका मंगळवारी ड्रायरवर चिठ्ठी होती.
निळी शाई, ठसठशीत अक्षर,
चिकटपट्टीचे चारही कोपरे रागाने दाबलेले.
फोन वर राहिला होता,
म्हणून उभ्याउभ्याच वाचली,
बोट ठेवून, पहिलीतल्या पोरीसारखी.
तुम्ही. जे आठला धुता.
गाळणी. साफ करत नाही.
लव साचते.
एक दिवस आग लागेल.

आणि मग लक्षात आलं,
सगळंच्या सगळं कळलं होतं.
वर्षभर वर्गात त्या भाषेत मी
न जाण्याच्या गावांची तिकिटं काढली,
नसलेली पोटदुखी डॉक्टरला सांगितली,
आणि थेट माझ्यापर्यंत आलेलं पहिलं वाक्य
माझ्यावर ओरडत आलं.
वाईट वाटायच्या आत हसू फुटलं.

गाळणी ओढून काढली. खरंच होतं.
करड्या जावळासारखा जाड थर,
सोलला तर अख्खा हातात आला.
पण लव काही माझ्या एकटीची नव्हती.
तिच्यात माझा जांभळा स्वेटर होता,
येमानेच्या आईने दिलेली पांढरी शाल,
कुणाचं तरी मांजर,
आणि जिन्यात भेटले की
स्वतःच्या बुटांकडे बघणारे सगळे मजले.

चिठ्ठीखाली मी लिहिलं:
माफ करा. ठाऊक नव्हतं. लव काढली.
चौतीस.

पुढच्या मंगळवारी कागद तिथेच,
आणि माझ्या एका शब्दाभोवती लाल गोल.
त्यांच्यात लव नपुंसकलिंगी.
तीन लिंगांच्या भाषेतून आलेली मी
दोनांतच घसरले होते.
खाली सही. गुनव्होर, तिसरा मजला.

तेव्हापासून दर मंगळवारी मी एक ओळ लिहिते.
यंत्र नंबर दोन कुरकुरतं.
आज नदी पूर्ण गोठली.
माझ्या बुरशीला परीक्षकांनी नाकारलं.
मुद्दाम चुका करत नाही,
तशी गरजच पडत नाही.
लाल गोल येतात, कधी एखादा शब्द:
बरं. अरेरे. पुन्हा पाठव.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी गोल नव्हता.
ओळ तशीच, कोरडी.
म्हणजे वाक्य बरोबर आलं,
की तिसऱ्या मजल्यावर काही...
ड्रायर फिरत होता.
मी कागद सोडवला,
तीन जिने चढले,
आणि दारासमोर उभी राहून
काय बोलायचं ते जुळवत बसले,
कर्ता, मग क्रियापद, मग ती लव.
शेवटी काहीच न जुळता घंटा दाबली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं, डाव्या हाताने.
उजवा प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.
"बर्फ," ती म्हणाली.
मला खालपासून वर पाहिलं.
"चौतीस?"
मी मान हलवली.
"कागद आणलायस ना? आत ये.
दुसऱ्या शब्दात चूक आहे."