गाठ

चिआतुरात रस्ते कमी, तारा जास्त.
दरीच्या ह्या काठावर शाळा, त्या काठावर आम्ही,
मधे गंजलेला लोखंडी पाळणा
आणि त्यात स्टुलावर बसून दार लावणारी आमची आई.

मँगनीजची धूळ काळी. नखांत राही, पावात राही,
मालखाझच्या तर कानांमागेही.
मी रोज घासायची. तो रोज किंचाळायचा.

त्या मार्चात तिबिलिसीहून माणसं आली:
तीन पेट्या, एक कॅमेरा, आणि एक दिग्दर्शक बाई,
जी केसांत खोचलेला चष्मा सगळ्या खोलीत शोधायची.
त्यांना रडणारं मूल हवं होतं.
मी नऊ वर्षांची, आणि मला रडता येत होतं.
आठवडाभर सराव केला होता, कांद्याशिवाय,
शेजारच्या मेलेल्या गाढवाला आठवून आठवून.

मालखाझला नेलं, कारण घरी कुणापाशी ठेवणार?
सहा वर्षांचा. पायांत चुलतभावाचे बूट, दोन मापं मोठे.
पाळण्यातून दरीत पडू नयेत म्हणून
नाड्यांना मी दुहेरी गाठ मारलेली, वर थुंकी लावून.

मी रडले. छान रडले.
बाई गोड हसली, आणि कागदावर काहीच लिहिलं नाही.
कोपऱ्यात हा फतकल मारून
गाठ सोडवत बसलेला. दातांनी. मग नखांनी.
मग थांबून तिच्याशीच हळू बोलत,
बंद पडलेल्या मोटरीशी आई बोलते तसं.
कॅमेऱ्यावाल्याने श्वास रोखला
आणि भिंग माझ्यावरून उचलून तिकडे नेलं.
इतकंच. आवाजसुद्धा झाला नाही.

शरदात खाणकामगारांच्या क्लबात पडदा लागला.
चार मिनिटं एक मूल बूट सोडवत राहतं,
बाप आता येणार नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
रांगेच्या रांगा हुंदके देत होत्या.
आई पुटपुटली, "कान बघ, किती काळे."
शेवटी नावं आली. दिव्यांच्या माणसाचं,
चहा देणाऱ्याचंसुद्धा.
गाठीचं नाव कोण लिहितं?

मग लग्नांत, पोस्टात, दवाखान्यात
लोक बूट पुढे करायचे: सोडव ना रे, तसंच.
तो सोडवायचा. तसं मात्र पुन्हा झालं नाही.
दुसऱ्या सिनेमात घेतलं, तिसऱ्यात नाही.

आता पन्नाशी उलटली त्याची.
माझ्याकडे येतो, दाराशी वाकतो,
आणि नाडीला हात लावण्याआधी
एकदा मागे वळून बघतो.
मी स्वयंपाकघरात निघून जाते,
नळ मुद्दाम मोठा सोडते.