वीस वजा

देहरादूनहून फोन येतो, नौटियाल नावाच्या मुलीचा.
वही क्रमांक अकरा, सप्टेंबर एकोणनव्वद,
आकड्यापुढे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे,
तुमच्या वडिलांनी ते का काढलं असेल?

मी दिवाळ्यात, ओट्यावर.
समोर जेट्टी, पाणी गेलेलं, होड्या चिखलात कलंडलेल्या.
आई कोळंबी निवडतेय.

बत्तीस वर्षं बाबा एकच बर्फ मोजायला जात.
तिकडचे लोक हिमनदीला गल म्हणतात.
आईच्या तोंडी मासे धरायचा गळही गलच,
म्हणून बाजारात कोणी विचारलं तर सांगायची,
नवरा डोंगरात गल मोजतो, सरकारी आहे.

मोजणी साधी. खडकावर लाल रंगाची फुली.
तिथे टेपची पितळी कडी अडकवायची
आणि चालत जायचं बर्फाच्या थोबाडापर्यंत.
थोबाड हा बाबांचा शब्द.
साहेबांच्या अहवालात त्याचं मुख व्हायचं.

हे काम ते शिकले पोरवयात,
सिडकोची माणसं मिठागरं मोजायला आली तेव्हा.
दीड रुपया रोज, साखळीचं टोक धरायचं.
आजोबांच्या मिठागरातही त्यांनीच धरलं.
त्यावर एवढंच म्हणायचे,
साखळी ताठ होती,
झोल नव्हता.

आईचं गणित वेगळं.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
अष्टमीला भांग, पुनवेला उधाण.
गेलेलं पाणी येतंच, लिहून काय ठेवायचं?
बाबांच्या वह्यांत नुसतं गेलेलं.
दोन मीटर. सहा. अकरा, पाऊस फार.
चौदा, हमाल आजारी.
पुढे पुढे एक टेप पुरेना.

आणि आमच्या घरातली म्हण, वीस वजा.
नव्वद साली बाबांना कळलं
की कापडी टेप सुरुवातीलाच वीस सेंटिमीटर आखूड आहे,
कडी कोणीतरी पुन्हा शिवलीय, टाका बारीक.
घरी येऊन हसले. विचारलं नाही.
मग मामा हुंड्याशिवाय लग्नाचा खर्च सांगू लागला, वीस वजा.
मला गणितात किती पडतील, वीस वजा.

फोन कानाला तसाच धरून मी आईला विचारते.
ती मान वर करत नाही.
डोलीचं जालं नवं केलं ना, आस मोजाला काय नव्हतं.
कधी?
हरेश पोटात व्हता. शिमग्याला.

हरेश एकोणनव्वदचा.

जाळ्याच्या टोपलीत तो तुकडा अजून आहे.
शून्य ते वीस, शून्यावर मिठाचा डाग.

पेपरच्या कडेला मांडते.
अठ्ठ्याऐंशीला सतरा मीटर चौतीस.
एकोणनव्वदला सतरा त्रेचाळीस, म्हणजे नऊ मागे.
वीस वजा.
सतरा तेवीस.

तिकडे थोडा वेळ नुसती खरखर.
मग नौटियाल हळूच म्हणते, अकरा पुढे.

बत्तीस वर्षांत एकदा तो पुढे आला होता,
सहा बोटं, फार तर.
बाबा समोरच होते, धुक्यात, बोटं सुन्न,
आणि टेप म्हणाली, गेला.
त्यांना काहीतरी खटकलं असणार.

आईला सांगते.
म्हंजे त्या साली तो पुरं आलता? माझ्यामुलं?
तुझ्यामुळं नाही गं.
तुझ्यामुळं दिसला नाही.

नौटियाल विचारते, दुरुस्ती कोणाच्या नावावर नोंदवू?
चांगुणा हिरोजी तांडेल, मी सांगते,
ण बाणाचा, हे दोनदा सांगावं लागतं.
आणि तो तुकडा, तो पाठवाल का, जपून ठेवू आम्ही.

आईने ऐकलंय. टोपली तिने पायाजवळ ओढली.
आज दशमी, साडेसातला भरती,
त्याआधी फाटकं जाळं सांधायचं आहे,
आणि आस ती अजून त्यानेच मोजते.
तिला सांग, म्हणते,
लागलं तर इथं ये म्हणावं.