सातवे पान

त्या पुस्तकातला सूर्य आता उरलेला नाही.
सातवे पान उघडले की
डोंगर आहे, होडी आहे, लाल टोपीतला कोल्हा आहे,
आणि आभाळाच्या मधोमध
एक पांढरा, खरबरीत गोल.

हेर्डिस सांगते, कुणी फाडले नाही, कुणी खोडले नाही.
चाळीस हिवाळे मुलांनी त्यावर बोट ठेवले,
इतकेच.

इथे नोव्हेंबर सरता सरता
सूर्य डोंगरामागे जातो तो जातोच.
मग दोन महिने, भर दुपारी,
फ्योर्डवर थोडी निळाई उतरते,
धुतल्या धोतराला नीळ द्यावी तशी.
तेवढ्यात लोक दारातला बर्फ ओढून घेतात
आणि पुन्हा दिवे.

त्या दिवसांत हे पुस्तक घरी न्यायला मिळत नाही.
वाचनालयाच्या खिडकीशी ते उघडेच असते.
मुले हातमोजे दातांनी ओढून काढतात,
सूर्याला शिवतात
आणि शाळेत पळतात.

नवी प्रत मागवता आली असती.
प्रकाशकाचे पत्रही आले होते : तीन शिल्लक, अर्ध्या किमतीत.
हेर्डिसने ते पत्र खूण म्हणून कुठल्याशा पुस्तकात घातले
आणि ते पुस्तक कुणीतरी घेऊन गेले.

सहा वर्षांच्या फिलमोनने विचारले,
पिवळा रंग गेला कुठे?
बोटांना लागून गेला.
मग ती बोटे कुठे आहेत?

हेर्डिस आठवू लागली.
एक चर्चमध्ये ऑर्गन वाजवते.
एक दूरच्या शहरात लोकांच्या दाढा तपासते.
एक ट्रॉलरच्या दोरात सापडले, तुटले, समुद्रात गेले.
एक हे माझे.

फिलमोनने स्वतःचे बोट उजेडात धरून पाहिले.
म्हणाला, माझ्या वाटचा उरलाच नाही.

त्याची आई, अस्मेरेट, मासळीच्या कारखान्यातून येते,
अंगाला कॉडचा वास, केसांत टोपीचा वळ.
तिला बाईंची तक्रार सांगितली :
सूर्याला बोलावायचे गाणे हा म्हणत नाही.
अस्मेरेट हसली. आमच्या गाण्यात
त्याला कुणी बोलावत नाही, म्हणाली.
आणि पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये उभी राहून
हळू आवाजात म्हणून दाखवले :
थांब तिथेच.
लेकरू पाठीवर आहे, वाळू तापली आहे,
विहीर अजून दोन टेकड्या लांब.
थांब, एखादा ढग पुढे पाठव.

तुम्ही त्याला दटावता?
दटावत नाही. थोरल्या दिराशी बोलावे तसे,
डोक्यावरचे नीट करून.

एकवीस जानेवारी. अकरा वाजून अठ्ठेचाळीस.
शाळेच्या पायऱ्यांवर सगळा गाव,
हातात जॅम भरलेले गोल गरम पाव,
आणि डोंगरावर गोधडीसारखा ढग.
मुलांनी गाणे म्हटले. पुन्हा म्हटले.
तिसऱ्यांदा सूर पडला, आणि त्या शांततेत
फिलमोन एकटाच आईचे गाणे म्हणू लागला.

सूर्य आला नाही.

ह्याच्यामुळे! ह्याने थांब म्हटले!
एकाने बर्फाचा गोळाही मारला.
तो पळाला तो वाचनालयात,
हातात पाव तसाच.
हेर्डिस पोचली तेव्हा सातव्या पानावर
जॅमचा एक लाल, चिकट ठिपका होता,
मधोमध नाही, जरा डावीकडे,
कोल्ह्याच्या टोपीजवळ.
भिंतीवर पाटी आहे : खाद्यपदार्थ आणू नयेत.
तिने ओले फडके आणले.
फडके हातातच वाळले.

दुसऱ्या दिवशी, कुणी गात नसताना,
कारखान्याच्या मागच्या खिडकीतून
ऊन आत आले,
बर्फाच्या पेट्यांवरून, सुऱ्यांवरून,
अस्मेरेटच्या ओल्या एप्रनवर.
पट्टा चालूच होता. मासे पुढे जात होते.
तिने रबरी हातमोजा काढला,
खवले चिकटलेल्या हाताने टोपी नीट केली
आणि काहीतरी म्हणाली.
यंत्राच्या आवाजात शेजारणीला ऐकू आले नाही.
पण थांब म्हणाली असावी.
कारण पूर्ण तीन मिनिटे
ते हलले नाही.