तळहातावरचं पाणी

सतरा किका मारल्या. अठरावीला पाय सटकला,
पोटरी सोलली.
कोतोनूची सकाळ. बाजाराला निघालेली बाई
टोपलीसकट उतरली, दुसऱ्याच्या मागं जाऊन बसली.

आफियावीनं आधी प्लग काढला,
इंजिनाला टेकवून म्हणाली, मार.
टिच्च. निळी ठिणगी.
"जीव आहे हिच्यात. पोटातच काहीतरी गेलंय."

मग कार्बोरेटरच्या बुडाचा स्क्रू सैल केला,
खाली नुसता तळहात धरला.
पेट्रोल उडून गेलं, हात गार करत.
मागं राहिला एक थेंब,
गोल, जड,
उडायचं नाव न घेणारा.

"कुठं भरलंस?"
चर्चपाशी, निळ्या छत्रीखाली.
काचेच्या बाटल्या होत्या, एकीला बूच नव्हतं.
रात्री पाऊस झालेला,
पण म्हातारी शपथेवर म्हणाली, आत थेंब गेला नाही.

आफियावी काही बोलली नाही.
हात कमरेच्या कापडाला पुसला,
जेट फुंकला, टाकी पालथी केली,
आपल्या डब्यातलं लिटरभर ओतलं.
गाडी खोकली, खाकरली, लागली बोलायला.

किती झाले?

"राहू दे,"
इंजिनाच्या आवाजावरून ती ओरडली,
"आईला सांगते बुचाचं."