मतदारसंघ क्रमांक नऊ, पाण्यासहित

तिसऱ्या मजल्यावर, नकाशांच्या खोलीत
साहेबांनी लाल पेन्सिल माझ्या हातात दिली.
म्हणाले, मिस याउ, एक लक्षात ठेवा,
कुठलीही रेघ इमारतीच्या मधून जाता कामा नये.
हाँगकाँगात! जिथे माणसं उभी रचून ठेवलीत,
एका जिन्यात अख्खं गाव मावतं.
बरं म्हटलं. जिने मोजायला घेतले.

दीडशे वर्षं राहिलेलं बिऱ्हाड
निघायला तीन वर्षं उरली तेव्हा
त्यांना आठवलं, खिडक्या बसवायच्या राहिल्या.
नदीपलीकडून घरमालक बघत होता.
बसवा, म्हणाला, बसवा,
किल्ली हातात आली की बघू.
खोटं कशाला बोलू,
मला खिडक्या हव्या होत्या.

म्हणून रात्री जागले.
दर जागेमागे माणसं ठरलेली,
पाव हिस्सा कमी चालेल, पाव हिस्सा जास्त,
एवढीच सैल शिवण.
डोंगर सोपे गेले. स्मशानं त्याहून सोपी.
अडलं ते अ‍ॅबरडीनच्या बंदरात,
जिथे तीनशे होड्या दोरांनी एकमेकींना धरून असतात
आणि माझा बाप त्यांतल्याच एकीवर जन्मला.

शेक म्वी, वय एकाहत्तर,
कोळंबी सोलता सोलता म्हणाली,
पत्ता? काल इथे होते.
परवा त्या पिवळ्या टगबोटीमागे.
वादळाचा आठ नंबर लागला
की वारा म्हणेल तिथे.
व्यवसायाच्या रकान्यात
वकील होते, विमा होता, बँका होत्या,
मच्छीमारसुद्धा होते.
पण मासे माझा मुलगा धरायचा, ती म्हणाली,
तो गेला. मी नुसती सोलते.
नुसतं सोलणाऱ्यांची जागा कुठली?
मी फॉर्म उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.

पाण्यावरची रेघ, आपण म्हणतो, टिकत नाही.
मी ती पक्क्या शाईने ओढली:
बर्फाच्या कारखान्याच्या कोपऱ्यापासून
तिरकी, डिझेलच्या तराफ्यापर्यंत.
पत्त्याच्या जागी लिहिलं,
होडी क्रमांक अमुक, पाण्यासहित.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला,
आणि सही केली.

तेव्हा सगळे गाडीची भाषा बोलायचे.
इथून निवडून बसायचं,
मध्यरात्री सरहद्द ओलांडायची,
डबा न बदलता.
मग वरून निरोप आला,
डबे रिकामे करा.

पण मधल्या त्या एका सप्टेंबरात
म्वी रबरी बूट घालून आली,
रांगेत माझ्या बापाच्या मागे उभी राहिली.
पडद्याआड इतका वेळ लावला
की अधिकारी दोनदा खाकरला.
बाहेर येऊन एवढंच म्हणाली,
पेटी फार लहान आहे गं.

आता नववा नकाशा माझ्या घरी आहे,
कपाटातल्या चादरींखाली,
त्यावर रद्दचा शिक्का, थोडा वाकडा.
रविवारी कधी धक्क्यावर जाते.
रेघ कुठून जाते ते
मला आणि तिलाच ठाऊक.
म्वी होडी बरोबर तिच्यावर बांधते,
नाळ या मतदारसंघात, वरवंडी त्या.
दोन्हीकडे माझंच मत, म्हणते,
आणि टोपलं पुढे सरकवते:
बस. सोलू लाग.