कोरडा संपर्क

शाहूपुरीत, मंडपाच्या पाठीमागे,
ताडपत्रीखाली मी पट्टीवर डबे बसवतेय.
बोटभर रुंद, राखाडी,
एकाला एक खटकन् लागणारे.
काही आत ऐकणारे, काही बाहेर सांगणारे,
आणि सगळ्यांना मिळून एकच निळी केबल.
आबा स्टुलावर बसलेत. बघत नाहीत.
म्हणजे बघतायत.

त्यांचा रोलर पलीकडं पडलाय,
उद्यमनगरात लेथवर काढलेला सागवानी रूळ,
त्याच्यावर चुकांनी ठोकलेल्या तांब्याच्या पट्ट्या:
लांब पट्टी म्हणजे हत्तीची सोंड वर,
तोकडी म्हणजे वीज कडाडली,
मोकळं लाकूड म्हणजे पब्लिकनं श्वास घ्यायचा.
एका फेऱ्यात अख्खी गोष्ट.
तीस गणपती फिरला तो, ठिणग्या उडवत.
आबांच्या मनगटावर बारीक पांढरे डाग आहेत,
कुठला कुठल्या वर्षीचा, ते सांगतात.

यंदाचा देखावा महापुराचा.
निळं कापड मोटारीवर चढत जातं,
एकोणचाळीस फुटाला पिवळा दिवा, त्रेचाळीसला लाल,
मग खिडक्या एकेक करून विझतात
आणि अगदी शेवटी होडी.

"ह्या डब्याला करंट किती द्यायचा?"
दोन तासांतला आबांचा पहिला प्रश्न.
काहीच नाही, मी म्हटलं. फक्त दोन वायरी.
टेकल्या की हो, सुटल्या की नाही.
आपल्याकडची वीज त्यात पाठवायची नाही.
कोरडा संपर्क म्हणतात ह्याला.
आबा हसले. "मग आपलं फोनवर असतंय, तसंच की."

चार वर्षं झाली मला पुण्यात.
जेवलीस? हो.
पैसे हायत? हो.
दिवाळीला येणार?
इथं वायर सुटलेली असते.

रात्री दीडला पाच नंबर फडफडायला लागला.
कापड जमिनीवर निपचित, तरी पिवळा दिवा
लागतोय, विझतोय. पूर नाही, नुसताच इशारा.
प्रोग्रॅम गंडला, इर्शाद म्हणाला.
मी ओळीन् ओळ चाळली, केबल बदलली,
डबा काढून दुसरा लावला
(खटकन् निघतो, खटकन् लागतो, एवढं सुख आहे त्याचं).
पाच नंबर फडफडतच होता.

आबा उठले. डब्यांकडं गेलेच नाहीत.
वायर चिमटीत धरून, वाकून,
उसातनं वाट काढावी तसे देखाव्याच्या पोटात शिरले
आणि मोटारीपाशी थांबले.
"मोटारीच्या वायरीला चिकटून नेलीस ही.
शेजारच्या घरातलं भांडण ऐकतीय ती.
वीतभर लांब घे."
वीतभर लांब घेतली.
पाच गप्प.

मग त्यांनी एकच अट घातली:
लाल बटण निळ्या केबलवर नको.
ते थेट मोटारीला, जाड वायरीनं.
आणि सगळं ठीक असताना जोडलेलं, दाबलं की तुटणारं,
म्हणजे उंदरानं वायर कुरतडली तरी
देखावा थांबेल, चालत सुटणार नाही.
मी वाद घातला नाही, आमच्या पुस्तकात तेच लिहिलंय.
पुस्तकात फक्त दत्तू पोवारांचा अंगठा नाही,
अठ्ठ्याऐंशी साली सोंडेच्या गिअरात गेलेला.

पहाटे चहा आला. डब्यांवर हिरवा ठिपका लुकलुकत होता.
"हे काय, काम नसतानाबी?"
दर सेकंदाला सांगतो तो, मी आहे, मी आहे.
नाही बोलला, की इकडं कळतं.
आबांनी बशीत चहा ओतला,
बराच वेळ ठिपक्याकडं बघत बसले.

मी पुण्याला परतले त्याला महिना झाला.
आता रोज रात्री नऊला एक मिस्ड कॉल येतो.
उचलायचा नसतो.
एकदा चुकून उचलला तर खेकसले,
"पैसे कशाला घालवतीस?"
प्लॅनमध्ये सगळं फुकट असतं,
हे त्यांना मान्य नाही.