एक फेरी आधी

कारखान्यात माझं काम ऐकण्याचं.
भट्टीतून आलेली फरशी डाव्या तळव्यावर तोलायची,
उजव्या बोटानं टिचकी.
बरी असेल तर टणकन बोलते,
आत तडा असेल तर बद्द.
डोळ्यांना ते उशिरा कळतं.

ऑक्टोबरात रात्री जरा निवल्या
आणि रास अल खैमाच्या बाहेर, सिमेंटच्या धुरापलीकडे,
ट्रॅकचे दिवे लागले.
रोडेलनं नेलं मला. फुकट आहे, चहाही देतात, म्हणाला.
नंतर मार्चपर्यंतचे सगळे शुक्रवार तिथेच गेले.

त्या सायकलींना ब्रेक नसतो.
चाक फिरतंय तोवर पाय फिरणार,
दमलो म्हणून थांबता येत नाही.
आपल्या करारासारखंच, रोडेल म्हणाला.
मी हसलो नाही. चहा चांगला होता.

वदीमा एकोणीसची. कोपरं कायम सोललेली.
वडील दर वेळी त्याच पायरीवर, हातात जपमाळ,
शर्यत सुटली की मणी थबकलेले.
पहिल्या शुक्रवारी ती सातवी, मग पाचवी,
मग नोव्हेंबरातली बादफेरी,
दर दोन फेऱ्यांना शेवटची एक बाहेर,
त्यात ही सगळ्यांत आधी बाहेर.
त्याच आठवड्यात आमच्या पॅकिंगमधले अकरा जण गेले.
त्यांच्यासाठी कुणी शिट्टीसुद्धा फुंकली नाही.

डिसेंबरात दुसऱ्या वळणावर तिचं चाक निसटलं.
वाळू, म्हणाले सगळे.
लोक पांगल्यावर मी त्या उतारावर चढलो, चप्पल हातात घेऊन,
आणि टिचक्या मारत फिरलो.
टण, टण, टण, बद्द.
कोच रुस्तमोव आधी हसला,
मग गुडघे टेकून त्यानं कान लावला.
मंगळवारी ती जागा फोडून पुन्हा भरली.

घंटा सुदानच्या अवादकडे असायची.
जानेवारीत त्याचा व्हिसा संपला,
दोरी माझ्या हातात आली.
आमचे अण्णा मलकापूरच्या हायस्कुलात शिपाई,
टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तासाचे ठोके द्यायचे.
चौतीस वर्षांत एकदा चुकले नाहीत, म्हणे.
हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही.

फेब्रुवारीत ती स्प्रिंटमध्ये एका कझाक मुलीसमोर होती.
दोघी भर ट्रॅकवर थांबल्या, सायकलीवर उभ्या, तोल धरून,
मांडवाच्या दारात व्याही अडून राहतात तशा,
आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही.
दीड मिनिट. मला लघवीला लागली होती, पण कोण हलतो!
वदीमा जिंकली त्या दिवशी. एकदाच.

मार्चचा शेवट. तीस फेऱ्या.
मी तोंडानं मोजत होतो, बोटांनी मोजत होतो,
आणि विसाव्या फेरीपासून फक्त तिलाच बघत होतो.
अठ्ठावीस भरल्या, आणि माझा हात उठला.

बाकीच्यांनी पाटी पाहिली.
तिनं घंटा ऐकली.
होतं नव्हतं ते त्या फेरीत ओतलं,
सायकलभर अंतरानं रेघ ओलांडली, हात वर केला,
आणि बाकीच्या तिच्या बाजूनं निघून गेल्या,
उरलेल्या फेरीसाठी.
पायडल तिचे पाय फिरवत राहिलं.
चौथी.

पंचांनी कागदावर काहीतरी लिहिलं. निकाल तोच राहिला.
मी दोरी सोडली नव्हती.
ती आली, हेल्मेट काखेत,
घंटेवर एका बोटानं टिचकी मारली.
टण.
मोडक्या हिंदीत म्हणाली, ही तर चांगली वाजते.
आणि गेली.

आता एप्रिल. फाटकाला कुलूप, वळणावर वाळू.
रात्री फोनवर अण्णांना विचारलं,
खरंच कधी चुकला नाहीत?
बराच वेळ पंख्याची घरघर.
मग म्हणाले, मॅट्रिकच्या भूमितीला. दहा मिनिटं आधी.
मास्तर ओरडले, बसा, बसा, लिहा.
पण मागच्या बाकावरच्या एकानं पेपर देऊन टाकला होता.

नाव सांगू का त्याचं?
नको, म्हणालो मी.
त्यांनी सांगितलं.